नैरोबीला उतरतोय, सोबत दोन पोरं, पुढे मसाई मारा : विमानतळावरचे पहिले तास कसे निभावायचे?

दोन_वाट्या_भात

नमस्कार मंडळी, दोनेक वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही केनियाला चाललोय. मी, नवरा, मोठा सहा वर्षांचा आणि धाकटी अडीच वर्षांची. मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांचं, नैरोबीला तिथल्या दुपारी साडेबाराच्या सुमारास उतरतोय. पुढे चार रात्री मारा (म्हणजे मसाई मारा अभयारण्य) आणि एक नैवाशा सरोवरापाशी. मारामध्ये काय बघायचं, कुठला लॉज, नदी ओलांडणारी जनावरं कधी दिसतात हे सगळं इतकं वाचून झालंय की आता मीच गाइड म्हणून उभी राहू शकेन, पण विमानाचं दार उघडल्यापासून गाडीत बसेपर्यंत पोरांचं काय करायचं यावर कुणी काही लिहीतच नाही. रांग किती असते, बाबागाडी दारात मिळते की सामानाच्या पट्ट्यावर, दूध गरम करून मिळतं का, बाहेर ड्रायव्हर सापडतो का, सिम कुठे घ्यायचं.

मुख्य भांडण म्हणजे नवऱ्याचं म्हणणं उतरलो की थेट माराला निघू, एक हॉटेल वाचेल, पोरं गाडीत झोपतील. मला हे पटत नाहीये पण मुद्देसूद सांगता पण येत नाहीये. सासूबाईंचं तिसरंच, एवढीशी पोरं घेऊन वाघ बघायला आफ्रिकेत कशाला, कात्रजला आहे की. (आफ्रिकेत वाघ नसतो हे मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर त्यांचाच मुद्दा पक्का होईल.)

कृपया अनुभव लिहा. पोरं लहान असतानाचे. कॉलेजातल्या मित्रांबरोबर गेला होतात ते नको.

तिरपागडा

जातिवंत धागा. चहा घेऊन बसलोय.

आम्ही तीन वर्षांपूर्वी नेमकं तुमच्या मिस्टरांनी म्हटलंय तेच केलं होतं, उतरलो आणि थेट निघालो. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा. गाडीत झोपेल झोपेल म्हणता तो झोपला तो फक्त पहिला पाऊण तास, मग रिफ्ट व्हॅलीचा घाट लागला आणि त्याने जे पोट रिकामं केलं ते माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत. वाटेतल्या नारोक गावाला पोहोचेपर्यंत अंधार. पुढच्या रस्त्यावर गाईंचे कळप, दिवे नाहीत, ड्रायव्हर बिचारा एकही शब्द न बोलता चालवतोय. बायको तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मारामध्ये सिंह बघितले, पण ते तिने बघितले आणि मी बघितले, एकत्र असे नाही बघितले.

नैरोबीकर

ताई, नमस्कार. चौदा वर्षं इथे आहे, पाहुण्यांना आणायला महिन्यातून दोनदा तरी त्या विमानतळावर असतो तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या भांडणाचं. हिशोब नैरोबीपासून करू नका, कोथरूड म्हणा की हडपसर म्हणा, घराच्या दारापासून करा. पुण्याहून रात्री टॅक्सीने मुंबई, तिथे तीन तास आधी, मग सहा तास विमान. म्हणजे साडेबाराला तुम्ही इथे उतरता तेव्हा पोरांच्या अंगात भारतातले तीन वाजलेले असतात (आपण अडीच तास मागे) आणि धड झोप कुणाचीच झालेली नसते. बाहेर पडायला दोन वाजले असं धरा. मारा इथून साधारण २७० किलोमीटर, पोरं घेऊन थांबत थांबत सहा तास. म्हणजे आठ. सूर्य इथे बारा महिने साडेसहाच्या आसपास मावळतो, विषुववृत्त खेटून आहे, उन्हाळा हिवाळा फरक नाही. माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं चालतं, आणि २०२४ पासून जुलै ते डिसेंबर मोठ्या परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे (जानेवारी ते जून १००). आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, ते एक बरं. तर रात्री आठला पोहोचून तुम्ही काय वाचवणार? मिस्टरांना हा परिच्छेद दाखवा.

एक रात्र नैरोबीत काढा. आणि कुठे काढायची ते पुढच्या प्रवासावर ठरवा, ही चूक लोक फार करतात. रस्त्याने जाणार असाल तर शहराच्या वेस्टलँड्स भागात राहा. विमानतळाकडून मोंबासा रोडला लागलात की वरून एक्स्प्रेसवे आहे, २०२२ ला झाला, २७ किलोमीटर, टोल द्यायचा आणि थेट वेस्टलँड्सच्या बाजूला उतरायचं. खालच्या रस्त्याने याच अंतराला संध्याकाळी दीड तास लागलेला मी अनुभवलाय. आणि सकाळी माराचा रस्ता तिकडूनच निघतो, म्हणजे गावातलं ट्रॅफिक ओलांडावंच लागत नाही. छोट्या विमानाने जाणार असाल तर मात्र लँगाटा किंवा कॅरनकडे राहा कारण ती विमानं विल्सन नावाच्या छोट्या विमानतळावरून सुटतात, मोठ्या विमानतळावरून नाही.

विमानतळाबद्दल उद्या लिहितो, आता जेवायला हाक आलीये.

फुकटचा_सल्ला

विल्सनहून विमानानेच जा. तासाभरात मारात. पोरांसह सहा तास गाडी म्हणजे स्वतःच्या हाताने घेतलेली शिक्षा. सामान मात्र माणशी १५ किलो, हातातल्या बॅगेसकट, आणि मऊ बॅग, चाकाची कडक सुटकेस घेत नाहीत. जास्तीचं नैरोबीच्या हॉटेलात ठेवायचं. एकाच दिवशी मोठ्या विमानतळावरून विल्सन गाठून पुढचं विमान पकडायचं असेल तर चार तास हातात हवेत.

दोन_वाट्या_भात

@नैरोबीकर, काय लिहिलंय तुम्ही! परिच्छेद दाखवला. "हम्म" म्हणाले. आमच्या घरात हम्म म्हणजे मंजूर.

@फुकटचा_सल्ला, विल्सनचे चौघांचे दर बघितले आणि टॅब बंद केला. रस्त्यानेच.

डॉ_बाळगुटी

लशीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. यलो फीव्हरची लस केनियात शिरायला भारतातून जाणाऱ्याला लागत नाही असं वाचून लोक निवांत राहतात. पण परत येताना आपल्याच मुंबई विमानतळावर या लशीचं पिवळं कार्ड मागतात, केनिया यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. पोरांनाही लागू. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण कार्ड दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, आणि फक्त सरकारमान्य केंद्रात. वार ठरलेले असतात, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, आजच फोन करा. एकदा घेतली की जन्मभर चालते.

धाकटीला अलीकडे गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस दिली असेल तर मध्ये साधारण चार आठवडे जाऊ द्या, या सगळ्या जिवंत लशी आहेत. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल तर केंद्रात आधी सांगा. ही लस नऊ महिन्यांखाली देत नाहीत, त्यामुळे कुणी तान्हं बाळ घेऊन निघायचा विचार करत असेल तर माझं मत, थांबा, सिंह कुठे पळून जात नाहीत.

मलेरियाचं तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या वजनावर असतात. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी, मारात आहे. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या.

मिरजोळी

+१ डॉक्टर.

ईटीएचं पण सांगते. २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा बंद झाला आणि ऑनलाइन परवानगी आली, ईटीए म्हणतात. तान्ह्या बाळाचाही वेगळा लागतो. नीट वाचा, वेगळा. आणि भरताना दोघांनी बसून भरा, एकाने वाचायचं दुसऱ्याने टाइप करायचं. आमच्या लेकीच्या जन्मतारखेत मी महिना आणि दिवस उलटा टाकला, रात्री अकरा वाजता पोरांना झोपवून मोबाइलवर भरत होते त्याचा परिणाम. मुंबईला चेक-इनलाच अडवलं. पुन्हा अर्ज केला तो दुसऱ्या दिवशी आला, तिकिटं बदलली, जे पैसे गेले ते गेले पण लेक तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला समजलं होतं की तिच्यामुळे सगळे थांबलेत. तिच्यामुळे नाही गं, माझ्यामुळे, हे सांगता सांगता नाकी नऊ आले.

प्रिंट काढून न्या. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

पाणकोंबडी

मी एकटी मुलाला घेऊन चाललेय ऑगस्टमध्ये, नवऱ्याला सुट्टी नाही. काही वेगळं लागतं का?

मिरजोळी

नवऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून, त्याच्या पासपोर्टची प्रत, मुलाचा जन्मदाखला इंग्रजीतला. कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं आणि नसलं तर विमानतळावर भांडत बसायचं का.

नैरोबीकर

हां, तर विमानतळ. जोमो केन्याटा, जुन्या लोकांच्या तोंडी अजून एम्बाकासी.

पहिली गोष्ट थंडी. आफ्रिका म्हटलं की आपली माणसं पोरांना बनियनसारखे कपडे घालून आणतात. हा विमानतळच समुद्रसपाटीपासून १६२४ मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे तुम्ही विमानातून उतरता ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर, आणि शहर त्याहून उंच. जुलै इथला सगळ्यात गार महिना, पहाटे १०-१२ डिग्री, दिवसभर मळभ. माराला सकाळी साडेसहाला उघड्या छपराच्या गाडीत निघाल तेव्हा कानटोपी लागेल. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

दुसरी गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशव्या. २८ ऑगस्ट २०१७ पासून इथे कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही, दंड फार मोठा आहे. आपल्याकडे सवय असते ना, चपला एका पिशवीत, ओले कपडे एका पिशवीत, लाडूचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून वर रबरबँड. हे सगळं मुंबईलाच सोडा. पारदर्शक झिपवाल्या पाऊचला काही म्हणत नाहीत, परत घेऊन जायचे. आणि २०२० च्या जूनपासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, स्ट्रॉ वगैरे बंद, तेव्हा पोरांच्या स्टीलच्या बाटल्या आणा.

तिसरी, मोठ्याला सैनिकी ठिपक्याठिपक्यांची पँट असेल (सफारी म्हणून हौसेने घेतात सगळे) तर घरी ठेवा. इथे ते फक्त लष्कराने घालायचं.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो होतो. लहान पोरं दिसली की इथली माणसं विरघळतात, "वातोतो, वातोतो" म्हणत पुढे पाठवतात बऱ्याचदा. वातोतो म्हणजे लेकरं. हक्क म्हणून मागू नका, रांगेच्या टोकाला जो कर्मचारी उभा असतो त्याला हसून "जांबो" म्हणा आणि झोपाळलेलं पोर खांद्यावर दिसू द्या.

बाबागाडी कधी विमानाच्या दारात येते कधी पट्ट्यावर, भरवसा नाही. काही वेळा विमान लांब उभं राहतं आणि बसने यावं लागतं. धाकटीसाठी कापडी कॅरिअर असेल तर तेच आणा, माराच्या गाडीत बाबागाडी नुसती अडचण.

सिम बाहेर पडताना तिथेच घ्या, पासपोर्ट दाखवून नोंदणी होते. थोडे शिलिंग (इथलं चलन) घ्या, डॉलर आणत असाल तर नव्या कोऱ्या नोटा, जुन्या किंवा फाटक्या घेत नाहीत.

आणि हे परत जातानाचं, पण आत्ताच सांगतो. विमानतळाच्या आवारात शिरताना गेटवर ड्रायव्हर सोडून सगळ्यांना गाडीतून उतरवतात, चालत तपासणीतून जायचं आणि पलीकडे परत गाडीत बसायचं. रात्रीचं विमान असेल आणि पोरं गाडीत गाढ झोपली असतील तर काय होतं याची कल्पना करा. त्यांना आधीच सांगून ठेवा किंवा गाडीत झोपू देऊ नका.

तिरपागडा

कॅरीबॅगबंदी तर आपल्याकडेही २०१८ ला झाली. कोपऱ्यावरचा भाजीवाला मला अजून विचारतो, पिशवी देऊ का साहेब, काळी देऊ का पांढरी.

फुकटचा_सल्ला

कारसीट मागून ठेवा टूरवाल्याकडे. लेखी.

कढीलिंब

खाण्याचं कुणी लिहीत नाहीये आणि धागा पोरांचा आहे! माझी मुलगी तीन वर्षांची असताना गेलो होतो. मेतकूट, नाचणीसत्व, तुपाची छोटी बाटली (चेक-इनमध्ये, घट्ट बूच), खाकरे, मुगाचे लाडू. ताजी फळं, भाजी न्यायची नाही. लॉजवाल्यांना आदल्या दिवशी सांगितलं तर मऊ भात करून देतात, फक्त "मऊ" म्हणजे किती मऊ हे समजावणं अवघड, मी शेवटी स्वयंपाकघरात जाऊन हाताने कालवून दाखवला. चपाती मात्र सगळीकडे मिळते आणि ती तिथे पण चपातीच. चहा पण चायच. आपल्या लोकांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रेल्वे आणि दुकानांबरोबर शब्द पण नेलेत, पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका. नळाचं पाणी पोरांना नको.

विमान उतरताना कान दुखतात त्यासाठी मोठ्याला लिमलेटची गोळी, धाकटीला सिपर. सिपर आधीच संपवू देऊ नका. खाली यायला लागलं की मगच द्या.

दोन_वाट्या_भात

सगळ्यांचे मनापासून आभार. लशीची अपॉइंटमेंट मिळाली, दोन आठवडे आधीची. ईटीए दोघांनी बसून भरले, नवरा वाचत होता मी टाइप करत होते, लग्नानंतर इतकं एकाग्र काम आम्ही पहिल्यांदा केलं. जुन्या साडीच्या नाडीवाल्या पिशव्या शिवून घेतल्या बारा, सासूबाईंनीच शिवल्या. वेस्टलँड्सला दोन रात्री घेतल्यात, एक नाही, दोन. आल्यावर लिहिते.

पाणकोंबडी

लिही गं नक्की, माझं तुझ्यानंतरच्या महिन्यात आहे.

*(साडेतीन आठवड्यांनंतर)*

दोन_वाट्या_भात

आलो. सगळे धड आहोत. बूट अजून लाल मातीचे आहेत, धुवायचं मनात येत नाहीये. लांबण लागेल, पण पाणकोंबडीसाठी आणि पुढे जो कुणी शोधत येईल त्याच्यासाठी लिहितेय.

मुंबईला चेक-इन सुरळीत, चौघांचे ईटीए प्रिंट बघितले. विमानात मोठा झोपला नाहीच, धाकटी नेमकी उतरायच्या अर्धा तास आधी झोपली, म्हणजे कढीलिंबचं सिपरचं गणित बसलं नाही, झोपेत उठवून पाजायचं का नाही याचा विचार करेपर्यंत तिनेच कान धरून भोकाड पसरलं. मागच्या रांगेतल्या एका गुजराती आजींनी हात लांब करून बडीशेप दिली. मला वाटलं मला, तर ती धाकटीला. चघळली तिने आणि शांत झाली.

बसने आलो टर्मिनलला. दार उघडल्याबरोबर गार वारा, आणि मोठा म्हणाला आई इथे एसी लावलाय. स्वेटर हातातच होते, नैरोबीकर, तुमच्या पोटी साखर पडो.

रांग मोठी होती, आमच्याबरोबर अजून दोन विमानं उतरलेली. मी हसून जांबो म्हणायचा सराव करून गेले होते पण वेळच आली नाही, धाकटीने जमिनीवर बसकण मारली आणि एक काकू टाइप कर्मचारी बाई आल्या, तिला उचललं, कडेवर घेतलं आणि चालू लागल्या, आम्ही तिघं मागे पळत. थेट खिडकीशी. तिथला ऑफिसर मोठ्याकडे बघून म्हणाला, "जिना लाको नानी?" मोठा गोंधळला, माझ्याकडे बघितलं, मग अगदी गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं की नानी नाही आली, ती मिरजेला असते. ऑफिसरला काही कळेना, नवऱ्याला हसू आवरेना, मला वाटलं आता सगळ्यांना आत घेतात. तर त्याचा अर्थ तुझं नाव काय. कळल्यावर तो ऑफिसर इतका हसला की शेजारच्या खिडकीतल्याला पण सांगितलं. माझ्या आईला घरी मुलं नानी म्हणतात, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणे बघ, मला पण विचारलं तिकडे.

इथपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. मी मनात म्हटलं, उगीच घाबरत होतो.

मग पट्टा. तीन बॅगा आल्या, चौथी नाही. पट्टा रिकामा फिरतोय, त्यावर कुणाची तरी एकच छत्री गोल गोल येतेय, आणि धाकटी प्रत्येक फेरीला तिला टाटा करतेय. चौथ्या बॅगेत काय होतं? सगळे डायपर. सगळे. हातातल्या बॅगेत चार ठेवले होते आणि त्यातले तीन विमानात संपले. हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगते: डायपर दोन बॅगांत वाटून टाका, आणि हातात दिवसभराचे ठेवा. स्वेटरचं लक्षात ठेवलं, पिशव्या शिवल्या, संमतीपत्राची माहिती पण वाचली, आणि डायपर एका बॅगेत. सामानाच्या काउंटरवर फॉर्म भरला, बॅगेचा रंग, आकार, आत काय, हॉटेलचा पत्ता. तो फॉर्म भरायला पाऊण तास, कारण माझ्या मांडीवर एक आणि नवरा दुसऱ्याला पाणी पिण्याच्या नळापासून लांब धरतोय. काउंटरवरचा मुलगा दर दोन वाक्यांनी "पोले साना" म्हणत होता. नंतर कळलं, म्हणजे वाईट वाटलं हो. पण ज्या सुरात म्हणत होता त्यातून तेव्हाच कळलं होतं.

बॅगेचा फोटो निघायच्या आधी काढून ठेवा. "निळी, मध्यम" असं लिहून काही होत नाही, निम्म्या जगाची बॅग निळी मध्यम आहे. आमचा फोटो होता तो योगायोगाने, धाकटी त्या बॅगेवर बसलेली.

बाहेर ड्रायव्हर पाटी घेऊन उभा. तासभर उशीर झाला तरी हसतमुख. कारसीट नव्हती. कबूल केली होती, मेलवर लेखी होती, तरी नव्हती. मी मेल दाखवला, तो बिचारा ऑफिसला फोन लावतोय, ऑफिस म्हणे उद्या देतो. (दिली, तिसऱ्या दिवशी, एकच.) ड्रायव्हरवर चिडून उपयोग नव्हता, मागे पट्टे होते ते लावले, मी मागे दोघांच्या मध्ये बसले आणि त्याला म्हटलं हळू चालव. "पोले पोले," म्हणाला. मी म्हटलं आता काय वाईट झालं? तर पोले म्हणजे वाईट वाटलं आणि पोले पोले म्हणजे हळूहळू.

आणि मग त्याने दार लावता लावता स्वतःशीच काहीतरी म्हटलं त्यात "गारी" शब्द आला. तोपर्यंत रडून सुजलेली धाकटी एकदम ताठ बसली आणि ओरडली, गाडी! तो वळला, बोनेटवर हात मारून म्हणाला, गारी! ही म्हणाली, गाडी! वेस्टलँड्सपर्यंत हेच चाललं. तिच्या लेखी तो माणूस मराठी बोलतो, थोडं बोबडं बोलतो इतकंच.

वाटेत त्याने आपणहून एका सुपरमार्केटला थांबवलं, डायपर मिळाले, मापं वेगळी होती पण चालले. पिशवी नाहीच देत, सासूबाईंची साडीची पिशवी काढली तेव्हा कॅशियर बाईंनी हात लावून कापड बघितलं आणि शेजारणीला पण दाखवलं.

मोंबासा रोडच्या कडेला बाभळीसारख्या झाडांवर मोठाले टकले पक्षी बसलेले, माणसाएवढे वाटतात, गळ्याला थैली. मोठा म्हणे ते आजोबा झाडावर का चढलेत. त्याला डावीकडे जिराफ पण दिसला म्हणे. आम्हाला कुणालाच दिसला नाही. ड्रायव्हर म्हणाला असू शकतो, तिकडे नॅशनल पार्कच आहे. त्यामुळे आता आमच्या ट्रिपचा पहिला प्राणी त्याच्या नावावर आहे आणि तो ते कुणाला विसरू देत नाही.

हॉटेलात साडेचारला. वरणभात नाही, मेतकूट मात्र होतं हातातल्या बॅगेत, रूम सर्व्हिसचा भात, वर तूप नाही कारण तूप चौथ्या बॅगेत. साडेसहाला दोघं झोपले ते सकाळी पाचला उठले. दुसरा दिवस मुद्दाम रिकामा ठेवला होता, फक्त जिराफ सेंटरला गेलो, हातावर खाऊ ठेवला की ती लांबलचक करडी जीभ येते आणि पुसून नेते. धाकटी किंचाळली आणि परत हात पुढे केला, असं वीस वेळा. संध्याकाळी बॅग हॉटेलवर आली. थेट माराला गेलो असतो तर ती बॅग आमच्यामागे कुठे कुठे फिरली असती. नवऱ्याने हे माझ्या आधी बोलून दाखवलं, मी काहीच म्हटलं नाही, इथे लिहितेय तेवढंच.

नैरोबीकर

वा ताई! नानीचा किस्सा मी ऑफिसात सांगितला, माझे केनियन सहकारी अजून हसतायत.

पाणकोंबडी

टकले पक्षी म्हणजे मॅराबू स्टॉर्क. आसामात हर्गिला असतो ना त्याचा सख्खा भाऊबंद. इतकं छान लिहिलंयस. डायपरचा प्रश्न नाही माझा, पण मुलाची दम्याची औषधं मी एकाच बॅगेत ठेवली होती. आत्ता उठून वाटली.

डॉ_बाळगुटी

औषधं चेक-इनमध्ये अजिबात नकोत. सगळी हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

पाणकोंबडी

हो डॉक्टर, तेच केलं. परत उठून.

तिरपागडा

घाटात कुणाला उलटी झाली का ते राहिलं.

दोन_वाट्या_भात

झाली. नवऱ्याला. पोरं ठणठणीत.

आणि हो, परत येताना गेटवर उतरवलंच, रात्री नऊ वाजता, दोघं झोपलेले. मोठ्याला उभं केलं तर तो डोळे मिटूनच चालला. धाकटी खांद्यावर. पलीकडे परत गाडीत ठेवताना तिने एक डोळा उघडला, ड्रायव्हरला म्हणाली गारी, आणि परत झोपली.

कढीलिंब

तुपाची बाटली फुटली नाही ना?

दोन_वाट्या_भात

नाही. बूच घट्ट होतं.